सेंटर-बॅकची बायको

माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा समोरचा दात खालच्या ओठातून आरपार बाहेर आलेला होता. शनिवारची संध्याकाळ होती आणि एडिनबरातल्या दातांच्या हॉस्पिटलमध्ये माझी इमर्जन्सी ड्युटी. शनिवारचे पेशंट बहुतेक ठरलेले असत. कुणी पबमध्ये मार खाल्लेले, कुणी सायकलवरून आपटलेले, कुणी रग्बीवाले. हा फुटबॉलच्या कपड्यांतच आला. मांड्यांपर्यंत चिखल, पायांत प्लास्टिकच्या सपाता आणि हनुवटीखाली टॉवेल. टॉवेल मुळात पांढरा होता हे त्याच्या एका कोपऱ्यावरून तेवढं कळत होतं.

"कशाने लागलं?" मी विचारलं.

"डोक्याने," तो म्हणाला. ओठ फुटल्यामुळे शब्द घरंगळत येत होते. "माझ्या नाही. त्याच्या."

"आणि त्याच्या डोक्याचं काय?"

"त्याला माझ्यापेक्षा जास्त टाके पडलेत." हे सांगताना त्याने हसायचा प्रयत्न केला आणि ओठातून पुन्हा रक्त वाहायला लागलं.

मी ओठ सोडवला, धुतला, शिवला, हलणारा दात शेजारच्या दातांना तारेने बांधला. सुई आत जाताना बहुतेक लोक डोळे मिटतात. हा छताकडे बघत पडून राहिला, एखादा बसची वाट बघत बसतो तसा. त्याचं तोंड मला नीट दिसलं आणि मी थबकले. एकाच माणसाच्या तोंडात इतक्या देशांचं काम मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. प्रत्येक डेंटिस्टची पद्धत वेगळी, सिमेंट वेगळं. टाके घालून झाल्यावर मी विचारत गेले आणि तो सांगत गेला.

"ही दाढ कुठे गेली?"

"कझाकस्तान. कोपर लागलं."

"हा ब्रिज?"

"ग्रीस. आमच्याच गोलकीपरची मूठ. तो बॉल मारायला निघाला होता."

"ही कॅप चांगली बसवलीय."

"कोरिया. फार चांगला डॉक्टर होता. सामना हरलो म्हणून तो रडला, मी नाही."

"आणि खालचा हा वाकडा?"

"तो घरचा. वडिलांचा."

मी हातमोजे काढले आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून दिली.

नंतर हळूहळू सगळं कळलं. दक्षिण सर्बियातलं लहानसं गाव. तो शाळेत असताना देशावर बॉम्ब पडत होते आणि शाळा बंद होत्या, म्हणून मुलं दिवसभर फुटबॉल खेळत. सोळाव्या वर्षी तो मोठ्या माणसांच्या संघात गेला. तिथल्या प्रशिक्षकाने त्याला एकच गोष्ट शिकवली: समोरचा पहिल्यांदा तुझ्या जवळून जाईल तेव्हा त्याला दुखलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्यांदा तो लांबून जाईल. या एका शिकवणीवर तो जगभर फिरला. बेल्जियम, सायप्रस, ग्रीस, कझाकस्तान, कोरिया, मग स्कॉटलंड. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. तोपर्यंत कुठेही दोन सीझनच्या वर टिकला नव्हता. त्याच्यासारखे सेंटर-बॅक, म्हणजे गोलसमोर उभे राहून अडवणारे, असेच वापरले जातात. संघ खालच्या स्तरावर घसरायला लागला की त्यांना बोलावतात आणि वाचला की निरोप देतात.

माझे बाबा ऑर्थोपेडिक सर्जन. मी नऊ वर्षांची असताना ते मिरजेहून एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये आले आणि तिथेच राहिले. मी या माणसाशी लग्न करणार म्हटल्यावर ते आईला स्वयंपाकघरात म्हणाले, "मी आठवडाभर जे जोडतो ते हा शनिवारी मोडतो. असला जावई करायचा?"

"अहो, हळू," आई म्हणाली. "तो बाहेर बसलाय. शब्द कळत नसले तरी आवाज कळतो माणसाला."

जेवताना त्याने आईला विचारलं की मुलाच्या बायकोला मराठीत काय म्हणतात. सून, आई म्हणाली. तो म्हणाला, आमच्याकडे स्नाहा. आणि नवऱ्याचा भाऊ? दीर. तो म्हणाला, आमच्याकडे देवेर. आईने हातातली पोळी खाली ठेवली. "अगं, म्हणजे आपल्यातलेच की हे," ती मला म्हणाली. तिच्यापुरता प्रश्न तिथेच सुटला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी मराठीतच बोलायला लागली. बस, थांब, हे धर, ते दे. तो धरायचा, द्यायचा.

बाबांचा प्रश्न सुटला नव्हता. ते एका शनिवारी माझ्याबरोबर सामना बघायला आले. टीव्हीवर फुटबॉल बघणाऱ्याला त्यातला आवाज माहीत नसतो. आम्ही पुढून तिसऱ्या रांगेत होतो. हाडावर हाड आपटलं की लाकडी फळीवर फळी टाकल्यासारखा आवाज येतो, आणि मग एक उसासा, फुगा दाबल्यासारखा. कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातून मारलेला बॉल, येईपर्यंत गोलसमोर जे चालतं ते रेफ्रीला दिसत नाही. माझ्या होणाऱ्या नवऱ्याने समोरच्याच्या पायावर टाच ठेवली आणि सगळं वजन टाकलं. समोरच्याने त्याच्या बरगडीत कोपर घातलं. बॉल आला तेव्हा दोघे एकत्र उडाले आणि खाली येताना माझ्या माणसाचा गुडघा त्या दुसऱ्याच्या पाठीत उतरला. लोक उठून ओरडले. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी थर्मासचं झाकण हवेत नाचवलं. बाबा हात मांडीवर ठेवून बसून होते.

बसस्टॉपवर ते म्हणाले, "कुठे मारलं की दुखतं पण मोडत नाही, हे त्याला बरोबर माहीत आहे."

"म्हणजे तो चांगला की वाईट?" मी विचारलं.

"म्हणजे तो हुशार आहे," बाबा म्हणाले. बस आली.

लग्नानंतर आम्ही इंग्लंडमध्ये आलो. आधी उत्तरेला एक क्लब, मग पश्चिमेला एक, आणि शेवटी थेम्सच्या बाजूला खालच्या लीगमधला एक छोटा क्लब. आम्ही मेडनहेडला घर घेतलं आणि मला हाउन्सलोच्या एका क्लिनिकमध्ये काम मिळालं. आता तो चौतीस-पस्तिशीत होता. शनिवारी संध्याकाळी घरी आला की जिना बसून बसून चढायचा. अंघोळीच्या टबमध्ये मी बर्फाच्या पिशव्या ओतायची. त्याच्या नडग्यांवर शिनपॅडच्या वर आणि खाली जखमांवर जखमा होत्या, आणि हात लावला तर कातडीखाली हाड खडबडीत लागायचं.

लोकांच्या मनात एक प्रश्न असायचा आणि बायका तो आडून विचारायच्या. घरी कसा आहे गं? घरी तो कधीच आवाज चढवत नसे. दार लावताना कडी हातात धरून लावायचा. पण एका रविवारी दुपारी आम्ही झोपलो होतो आणि झोपेतच त्याने कुठलातरी कॉर्नर अडवला. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. मी जागी झाले ती रक्त गिळतच. तो पलंगाखाली उतरून गुडघ्यांवर बसला होता आणि सर्बियनमध्ये काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता. ओठ आतून मीच आरशात बघून शिवला. सोमवारी क्लिनिकमध्ये माझ्याबरोबरची डॉक्टर मला बाजूच्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं आणि म्हणाली, "घरात तू सेफ आहेस ना? मला विचारावं लागतं, आणि मला विचारायचंही आहे."

"तो झोपेत होता," मी म्हणाले.

हेच वाक्य आम्ही दोघींनी किती पेशंटांकडून ऐकलं होतं. जिन्यावरून पडले. दारावर आपटले. तो झोपेत होता. मी खरं बोलत होते आणि ते खोट्यासारखं ऐकू येत होतं. त्यानंतर तो कित्येक आठवडे दुसऱ्या खोलीत जमिनीवर झोपला. मी बोलावलं तरी येईना.

मग मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना आई आणि रिटायर झालेले बाबा काही दिवस आमच्याकडे राहायला आले होते. आई मुलीजवळ थांबली आणि मी बाबांना घेऊन सामन्याला गेले. घरचं मैदान, थंडी, एका बाजूला लहानसा स्टँड आणि बाकी तिन्ही बाजूंना नुसता कठडा.

पाहुण्या संघाचा स्ट्रायकर विशी नुकतीच ओलांडलेला होता आणि फार वेगवान. सुरुवातीच्या काही मिनिटांतच तो माझ्या नवऱ्याला मागे टाकून गेला. थोड्या वेळाने पुन्हा. दुसऱ्या वेळी बॉल त्याने नवऱ्याच्या दोन पायांमधून काढला आणि सगळं मैदान हसलं. आपलेही लोक हसले. तिसऱ्यांदा बॉल दोघांच्या मध्ये पडला. दोघेही धावले. माझा नवरा घसरत गेला, त्याचा बूट बॉलला लागला, बॉल उडाला, आणि पाय तिथेच थांबला नाही.

आवाज मैदानाच्या पलीकडेही गेला. मग तो मुलगा किंचाळला. त्याचं पाऊल घोट्यापाशी भलतीकडेच वळलं होतं, मोजा ताणला गेला होता आणि मोज्यातून काहीतरी टोकदार वर आलं होतं. त्याच्या संघातल्या एका खेळाडूने ते पाहिलं आणि तो तिथेच वाकून ओकला. दुसऱ्या दोघांनी माझ्या नवऱ्याची कॉलर धरली. एकाने त्याच्या कानशिलावर मूठ मारली. रेफ्री लाल कार्ड हातात उंच धरून उभा होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी शेजारी पाहिलं तर बाबा नव्हते. ते कठड्यापाशी पोचले होते. तिथल्या सुरक्षारक्षकाने हात आडवा घातला. "आय ॲम अ सर्जन," असं म्हणून बाबांनी तो हात बाजूला केला आणि कठड्याखालून वाकून आत गेले, सत्तरीचा माणूस, अंगात ओव्हरकोट. या पातळीवरच्या सामन्याला फिजिओ असते, डॉक्टर असेलच असं नाही. फिजिओ पोरीने मुलाच्या तोंडाला वेदना कमी करणाऱ्या गॅसची नळी लावली होती. मीही मागोमाग गेले, मला कुणी अडवलं नाही.

बाबांनी कात्रीने मोजा कापला. पाऊल राखाडी पडलं होतं. ते पावलाच्या वरच्या भागावर बोटं ठेवून नाडी शोधत होते आणि त्यांना ती मिळत नव्हती हे मला त्यांच्या जबड्यावरून कळलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबलं तर पाऊल जाईल. ते सरळ करायला हवं होतं, आणि त्यासाठी गुडघा वाकवून मांडी घट्ट धरून ठेवणारा जोरकस माणूस हवा होता. त्यांनी मान वर केली. सर्वांत जवळ माझा नवरा उभा होता, कानातून रक्त येत असलेला.

"इकडे ये," बाबा मराठीत म्हणाले. "धर. इथे. सोडू नकोस."

त्याला कळलं. तो चिखलात गुडघ्यांवर बसला, त्या मुलाची मांडी त्याने दोन्ही हातांनी धरली आणि छातीशी आवळली. मुलाने मान उचलून पाहिलं की आपल्याला कोण धरतंय. मग त्याने नळी तोंडातून काढली आणि त्याच्या तोंडावर मूठ हाणली. एकदा, पुन्हा, पुन्हा. नवऱ्याने हात सोडले नाहीत. डोकंही बाजूला केलं नाही. मूठ नाकावर बसत होती आणि रक्त त्या मुलाच्याच शर्टावर पडत होतं.

"यू आर ऑफ!" रेफ्री ओरडला. "मैदान सोड!"

"तो जाऊ शकत नाही," बाबा मान न वळवता इंग्रजीत म्हणाले. "मला तो हवाय. आता मांडी तुझ्याकडे खेच," हे मराठीत, आणि त्यांनी टाच धरून पाय ओढला आणि फिरवला. मुलाच्या घशातून आलेला आवाज मी इथे लिहू शकत नाही. हाड आत गेल्याचा धक्का नवऱ्याच्या हातांना जाणवला असणार, कारण त्याने डोळे मिटले. बाबांनी पुन्हा पावलावर बोटं ठेवली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आली." त्या राखाडी कातडीत हळूहळू रंग परत येताना मी पाहिला.

ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हाच त्याने हात सोडले. तो उठला आणि ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्याकडे चालायला लागला. दोन्ही बाजूंनी लोक थुंकत होते. चहाचा एक गरम कप त्याच्या मानेवर येऊन फुटला. आमच्याच स्टँडमधून मात्र टाळ्या वाजत होत्या, आणि त्याच मला जास्त भयानक वाटल्या.

दोन दिवसांनी तो हॉस्पिटलमध्ये मुलाला भेटायला गेला. मी म्हणाले, जाऊ नकोस. तो गेला. वॉर्डच्या बाहेर मुलाची आई भेटली, माझ्याच वयाची असेल. त्याने स्वतःची ओळख सांगितली. तिने हातातली पर्स खुर्चीवर ठेवली आणि त्याच्या तोंडात भडकावली. नाक आधीच मोडलेलं होतं. तिने पुन्हा हात उचलला, पण हा मागे सरत नाही हे पाहून तो खाली घेतला. "गेट आउट," ती म्हणाली. तो घरी आला तेव्हा गालावर तिच्या अंगठीचा वळ होता.

मग माझ्या फोनवर धमक्या यायला लागल्या. माझ्या क्लिनिकच्या दाराचा फोटो. माझ्या गाडीचा फोटो. आमच्या मुलीच्या पायांचं ते काय करतील, त्याचं वर्णन. मी ते सगळं पोलिसांना दाखवलं. पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की अशा प्रकारचं बहुतेक बोलण्यापुरतंच असतं.

एका रविवारी सकाळी आम्ही मेडनहेडच्या सुपरमार्केटमधून बाहेर आलो. मुलगी त्याच्या खांद्यावर, ट्रॉली माझ्याकडे. गाडीपाशी दोन माणसं होती. एकाने पाहुण्या संघाच्या रंगाचा मफलर घातला होता. मी ते पाहिलं आणि तोंडातून शब्द निघायच्या आत त्यांनी त्याला मागून लाथ घातली. तो गुडघ्यांवर पडला. पडतापडता त्याने मुलीला खांद्यावरून पोटाशी ओढलं आणि तिच्यावर गोल झाला, पाठ वर करून, कासवासारखा. मग ते त्याला तुडवत राहिले. पाठीत, मूत्रपिंडावर, मानेवर. हा माणूस त्या दोघांना एका हाताने झोपवू शकला असता. त्याने हात मुलीभोवतून काढले नाहीत. खालून तिचा रडण्याचा आवाज येत होता, दबलेला.

आजूबाजूला लोक उभे होते. कुणीतरी फोन वर धरला होता.

मी ट्रॉली भरली होती. दुधाचे कॅन, बटाटे, तांदळाची मोठी पिशवी. मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि धावले. मफलरवाल्याच्या गुडघ्याच्या बाजूवर ट्रॉलीचा कोपरा आदळला. काहीतरी तुटल्याची जाणीव दांड्यातून माझ्या मनगटापर्यंत आली. तो आडवा पडला आणि ओरडायला लागला. मी ट्रॉली मागे घेतली आणि पुन्हा पुढे नेली. दुसरा माझ्याकडे बघून मागे सरकला, मग त्याने मित्राला काखेत धरून ओढत नेलं. मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. खूप बरं वाटलं, आणि ते दोघे दिसेनासे झाले तेव्हा वाईट वाटलं.

मुलीला खरचटलंही नव्हतं. नवऱ्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि आठवडाभर लघवीतून रक्त जात होतं. इमर्जन्सीच्या खुर्चीवर तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता.

"काय?" मी विचारलं.

"पहिल्यांदा मारणारे लोक डोळे मिटतात," तो म्हणाला. "तू मिटले नाहीस."

ते कौतुक होतं की भीती, मला कळलं नाही. ती माणसं कधी सापडली नाहीत.

लाल कार्डामुळे घातलेली बंदी संपून तो मैदानावर परतला तेव्हा आमच्या स्टँडने त्याच्यासाठी नवीन आरोळी बनवली होती. समोरचा स्ट्रायकर बॉल घेऊन निघाला की शेकडो माणसं एका सुरात ओरडायची, "मोड! मोड! मोड!" बापांच्या खांद्यांवर बसलेली पोरंही ओरडायची. आणि तो मागे सरायचा. जिथे आधी पाय घालायचा तिथे आता पाय राखून ठेवायचा. विरोधी खेळाडूंना हे फार लवकर कळतं. ते त्याला कोपरं मारायला लागले. एका सामन्यात एकाने गालाचं हाड फोडलं आणि हा नुसता उठून आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मॅनेजर साइडलाइनवरून शिव्या देत होता. आरोळी ठोकणारेच आता हुर्यो उडवायला लागले. सीझन संपल्यावर क्लबने त्याला बोलावून घेतलं, हात मिळवला आणि सोडून दिलं. एवढे देश फिरलेल्या माणसाचं करिअर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या एका ऑफिसात संपलं. त्याने हीथ्रोजवळच्या एका कार्गो वेअरहाउसमध्ये नोकरी धरली.

त्यानंतरच्या शरद ऋतूत, एका दुपारी, दारावरची बेल वाजली. मुलगी शाळेत होती. मी दार उघडलं आणि त्या चेहऱ्याला ओळखायला मला क्षणभरही लागलं नाही. तोच पाय मोडलेला मुलगा, हातात काठी. तो आधीपेक्षा जाड दिसत होता.

"आहे का?" त्याने विचारलं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचा, त्या कुठे ठेवल्यात याचा. पण तोपर्यंत नवरा मागे येऊन उभा राहिला होता. "आत ये," तो म्हणाला.

मुलगा बैठकीत उभाच राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. दोघांच्या मध्ये आमच्या मुलीचे ठोकळे पसरलेले होते.

"मी पुन्हा खेळणार नाही," मुलगा म्हणाला. "तुला माहीत आहे ना?"

"हो."

"मला एकच विचारायचंय. सगळे सांगतात, अपघात. डॉक्टर, माझा क्लब, माझा भाऊ. बॉल तिथे होता, बूट बॉलला लागला, पुढचं नशीब. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल. तू मुद्दाम केलंस का?"

मी मनात म्हणत होते, नाही म्हण. वर्षभर मी हेच सगळ्यांना सांगत आले होते. पोलिसांना, क्लिनिकमधल्या डॉक्टरला, आईला. बॉल तिथे होता.

"पाय मोडायचा नव्हता," माझा नवरा म्हणाला.

"मग?"

"दुखवायचं होतं. तू मला दोनदा मागे टाकलंस. लोक हसले. तिसऱ्यांदा तू माझ्याकडे यायला भिशील इतकं जोरात मारायचं होतं. बॉल माझा होता, मी घेतला. मग पाय मागे घेता आला असता. मी घेतला नाही. बॉलच्या पलीकडे तुझा पाय आहे हे मला माहीत होतं."

मुलाने काठीकडे पाहिलं. त्याची बोटं मुठीवर आवळली, सैल झाली. मला वाटलं, आता तो काठी उचलणार, आणि मी त्याला अडवणार नाही असंही माझ्या लक्षात आलं.

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "मी तुझे डोळे पाहिले होते. पण सगळे म्हणायचे अपघात, अपघात. मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं फिरलंय."

"तुझं डोकं ठीक आहे," नवरा म्हणाला. "सॉरी."

"ते तुझ्याकडेच ठेव," मुलगा म्हणाला. तो वळला, ठोकळ्यांमधून काठी टेकत वाट काढत दारापर्यंत गेला. दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत. त्या तो एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरला. मागे पाहिलं नाही.

मी नवऱ्याशी बोलले नाही. संध्याकाळी एडिनबराला फोन लावला. बाबांना सगळं सांगितलं.

"मला मैदानावरच कळलं होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"ज्याच्या हातून चुकून होतं तो माणूस आधी काय म्हणतो? मी मुद्दाम नाही केलं. मी आयुष्यभर ऐकलंय ते, गाडी चालवणाऱ्यांकडून, पोरांना घेऊन येणाऱ्या आयांकडून. त्या चिखलात हा माझ्यासमोर एवढा वेळ बसला होता, तोंडावर मार खात. एकदाही म्हणाला नाही."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही, बाबा?"

"तू विचारलं नाहीस," बाबा म्हणाले. आणि मग, डॉक्टर असल्यामुळे असेल, "त्या मुलाला पाऊल वर उचलता येतं का?"

"थोडं."

"थोडं येतं ना? बरं."

त्या रात्री नाही, त्यानंतरच्या काही दिवसांतही नाही, पण एका सकाळी तो शिफ्टला निघताना मी जिन्यापाशी त्याला थांबवलं. म्हणाले, मुलगी मोठी होईल. कुणीतरी तिला तो व्हिडिओ दाखवणारच. त्याच्या आधी तिला तू सांगायचंस. जसं त्या मुलाला सांगितलंस तसंच. मी सांगणार नाही आणि तुझ्या वतीने खोटंही बोलणार नाही.

"हो," तो म्हणाला.

"आणि तिने तुझा राग केला तर मी तिच्या बाजूने असेन."

त्याने मान हलवली. मग कामाचे बूट घालायला तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. नाड्या बांधायला त्याला वाकता येत नाही, म्हणून पाय भिंतीला टेकवून वर घ्यावा लागतो. मी मदतीला गेले नाही. तिथेच उभी राहून त्याला दोन्ही नाड्या बांधताना पाहत होते.